लेदर शिवायला मशीन घेताय? आधी जाडी मोजा!

आज कोडिंग बाजूला. आजचा विषय शिलाई मशीन. वॉलेट, कार्ड होल्डर, घड्याळाचे पट्टे, चष्म्याची कव्हरं, अशा लेदरच्या छोट्या वस्तू शिवायला परवडणारं मशीन कोणतं?

हा प्रश्न आमच्या घरात बरेच महिने गाजला. माझी मोठी ताई हे काम करते. नोकरी सोडल्यावर पीएफचे जे पैसे आले, त्यातले ४० हजार तिने मशीनसाठी बाजूला ठेवले होते. तेवढेच. मशीन चुकलं तर दुसरं घ्यायला पैसे नव्हते. त्यामुळे दुकानात जाण्याआधी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. ऑफिसात करतो तसंच, आधी रिक्वायरमेंट आणि मग टूल.

दुकानदार पहिल्यांदा मोटर दाखवतो. ‘हेवी ड्यूटी आहे, जीन्सच्या आठ घड्या शिवतं’ वगैरे. पण लेदरमध्ये खरी अडचण सुई आत जाण्याची कमी आणि लेदर पुढे सरकण्याची जास्त असते. नीट समजून घ्या.

घरातल्या काळ्या मशीनमध्ये खालचे दाते कापड पुढे ढकलतात. वरचा धातूचा पाय फक्त दाबून धरतो. कापड त्याखालून सहज घसरतं. लेदर मात्र पायाला चिकटतं. मग खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो. टाके लहान-मोठे होतात आणि टीप संपेपर्यंत कडा जुळत नाहीत. कापडावर टीप उसवून परत मारता येते. लेदरला पडलेलं भोक कायमचं. म्हणजे बिघडलेली टीप म्हणजे वाया गेलेला तुकडा, आणि त्या तुकड्याचे पैसे आपले.

यावर औद्योगिक उपाय आहे वॉकिंग फूट मशीन. त्याच्या कंपाउंड फीड प्रकारात खालचे दाते, सुई आणि वरचा पाय तिन्ही एकत्र पुढे सरकतात. थर एकमेकांवरून घसरत नाहीत. जुकीचं डीएनयू-१५४१ हे या जातीचं प्रसिद्ध मशीन. नवीन घ्यायचं तर बजेटच्या बाहेर जातं, म्हणून लोक सेकंड हँड शोधतात.

मधला एक पर्याय फसवा आहे. कपड्यांच्या कारखान्यातलं साधं जुकी टाइप मशीन. दिसायला दणकट, मोटर जोरात, सेकंड हँड स्वस्त. पण त्यातही फीड खालच्या दात्यांचंच, आणि ते बनलंय मिनिटाला हजारो टाके मारायला. वॉलेटच्या कोपऱ्यावर आपल्याला एक-एक टाका मोजून हवा असतो. तिथे तो वेग काय कामाचा?

दुसरा पर्याय म्हणजे हाताने फिरवायचं छोटं पॅचर, चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे असतं ते. त्याचा पाय वरून लेदर ओढतो आणि गोल फिरतो, त्यामुळे बुटाच्या आत कुठल्याही दिशेला शिवता येतं. दुरुस्तीला एक नंबर. पण पायाच्या दात्यांचे वळ लेदरवर उमटतात. गिफ्ट म्हणून विकायच्या वॉलेटवर ते चालत नाहीत.

मग ठरवायचं कसं? व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि तुमच्या वस्तूची सगळ्यात जाड जागा मोजा. सरासरी नाही, सगळ्यात जाड. वॉलेटमध्ये जिथे खिशांचे थर एकावर एक येतात ती जागा. ताईच्या कार्ड होल्डरची कड तासून पातळ केल्यावर २ मिलिमीटर भरली. दुमडणाऱ्या वॉलेटची साडेतीनच्या पुढे गेली. एकाच घरातल्या दोन वस्तू, पण मशीन वेगवेगळं मागणाऱ्या.

कार्ड होल्डरसाठी आम्ही एकही मशीन विकत घेतलं नाही. आईचं काळं मशीन बाहेर काढलं. टेफ्लॉनचा पाय लावला, म्हणजे लेदर चिकटत नाही. लेदरची सुई लावली, जिचं टोक कापत जातं. धागा बाँडेड नायलॉन, पातळ. टाका साधारण साडेतीन मिलिमीटरचा, कारण टाके फार जवळ आले तर लेदर पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांवरून फाटतं. आणि चाक हातानेच फिरवायचं. मऊ लेदरला हा सेटअप पुरतो. कडक व्हेज टॅनच्या जाड थरांवर त्याला ताणू नका, सुई वाकते आणि टाके सुटतात.

वॉलेट ती हातानेच शिवत राहिली. दोन सुयांची सॅडल स्टिच. कोल्हापुरी चपलेचं नाव अजूनही हातशिलाईवर टिकून आहे, तेव्हा हाताचं काम कमीपणाचं नाही. पण हिशोब बघा. एका वॉलेटची शिलाई दीड तास. महिन्याला ५ वॉलेट म्हणजे साडेसात तास, ठीक आहे. २० झाली की ३० तास, फक्त शिवण्यात. कापणं, तासणं, चिकटवणं, कडा घासणं हे मशीन आल्यावरही हातानेच करायचं आहे, ते विसरू नका. ऑर्डर सलग तीन महिने विसाच्या वर राहिल्या, तेव्हाच ४० हजारांना हात लावला आणि सेकंड हँड वॉकिंग फूट घेतलं.

सेकंड हँड बघायला जाताना दुकानदाराचा तुकडा घेऊ नका. आपलेच तुकडे न्या: दोन थरांचा, चार थरांचा आणि एक दोनवरून चारवर चढणारा. चाक हाताने फिरवून त्या पायरीवर टीप मारा, मग उलटून खालची बाजू बघा. वरून सगळं छान दिसतं, खरं खाली कळतं. सर्वो मोटर आहे का विचारा, कारण ती हळू चालवता येते. जुनी क्लच मोटर सतत घरघरते आणि नवशिक्याच्या पायाखाली एकदम पळते. सुया आणि बॉबिन जवळपास मिळतात का तेही बघा. आणि हो, टेबलासकट ते धूड जिन्यावरून चढवायचंय. आम्हाला चार माणसं लागली.

तुकडे कुठून आणायचे? मुंबईत असाल तर धारावीतल्या लेदरच्या दुकानांत विचारा. सरावाला छोटे तुकडे पुरतात.

थोडक्यात काय, मशीन तुमच्या स्वप्नातल्या बॅगेसाठी घेऊ नका. आज जी वस्तू विकली जातेय, तिच्या सगळ्यात जाड कडेसाठी घ्या. तुमची कड किती मिलिमीटर भरते ते मोजून मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात धाग्यांवर बोलताना त्यातल्या काही घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, बोटं सुईपासून लांब ठेवा. भेटूच!