पोकळीची ओळख



हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते. ते ओळखणारी प्रतिपिंडे बहुधा थंडाव्यात जपावी लागतात. त्यांना एक काटक पर्याय घडतो आहे. ओतारी मेणाच्या मूर्तीभोवती माती लिंपतो. मेण वितळले तरी मूर्तीची पोकळी उरते. तद्वत प्रथिनाभोवती पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण घडवून प्रथिन काढून घेतात. या विद्येचा पाया १९७२ साली जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी घातला. असे कण खालून तापवलेल्या पट्टीवर बसवतात. पोकळीत प्रथिन शिरताच उष्णतेची वाट अडते, वरच्या द्रवाचे तापमान किंचित उतरते आणि ओळख पटते. प्रयोग अद्याप प्रयोगशाळेत आहेत. परंतु शीतकपाट नसलेल्या दवाखान्यातही रोग्याचे निदान वेळीच व्हावे, ही आशा आम्हांस लहान वाटत नाही.