लांबलेली विद्यार्थिदशा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक १९७४ साली उत्तीर्ण झालेला आणि पुढे अध्यापनाची पदविका घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकवीत आलेला एक सामान्य शिक्षक आहे. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. अशा मनुष्याने संशोधक विद्यार्थ्यांच्या जीवनाविषयी बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु माझी कन्या २०१५ ते २०२३ अशी आठ वर्षे पुण्यास राहून वनस्पतिशास्त्रात पीएच.डी.साठी संशोधन करीत होती. त्या काळात जे मी डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगणार आहे. शिवाय मला आपणासमोर एक कबुलीही द्यावयाची आहे. ती ओघात येईलच.

आपल्या समाजात मुलगा अथवा मुलगी एम.एस्सी. झाली की पेढे वाटले जातात. नोकरी लागली की पुन्हा पेढे. या दोहोंच्या मध्ये जो काळ जातो त्याला आपल्याकडे नावच नाही. पहिली दोन वर्षे लोक कौतुकाने विचारतात, “संशोधन करते म्हणे!” चौथ्या वर्षी विचारतात, “अजून झाले नाही का?” आणि सहाव्या वर्षी विचारणेच सोडून देतात, आणि त्यांचे ते न विचारणे बापाला अधिक लागते. मलाही प्रारंभी वाटे, की शाळेतील मूल एकाच इयत्तेत दोनदा बसले तर आपण त्याला नापास म्हणतो. मग ही आठ वर्षे कसली?

याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, ते आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर मिळाले. माझ्या कन्येचा विषय होता गेंद. कासच्या पठारावर भाद्रपद-आश्विनात जाऊन आलेल्यांनी तो पाहिला असेल. काडीच्या टोकाला पांढरी गुंडी लावावी तसे ते फूल दिसते. कास हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि तेव्हापासून तेथे मोटारींची रीघ लागते. पाहणाऱ्याला गेंद हे एकच फूल वाटते. वस्तुतः त्याच्या अनेक जाती आहेत आणि कित्येकदा केवळ फुलावरून त्या ओळखू येत नाहीत. त्यासाठी बी पाहावे लागते. ते बी मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असते. त्यावर सोन्याचा अतिपातळ लेप देऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, तेव्हा त्याच्या कवचावरची नक्षी दिसते आणि त्या नक्षीवरून जात ठरविण्यास आधार मिळतो.

आता पाहा, जांभ्या दगडाचा सडा. त्यावर मातीचा थर जेमतेम. पावसाळ्यात पाणी साचते तेव्हा झाड उगवते, आणि पाणी आटले की काही दिवसांत वाळून जाते. लवकर गेले तर फूल असते, पण बी तयार नसते. उशिरा गेले तर झाडच नसते. मधले थोडे आठवडे हुकले की पुढच्या पावसाळ्याची वाट पाहणे आले. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पेरणी चुकली तर वर्ष गेले, हे तो जाणतो. संशोधकाचेही तसेच आहे. आठ वर्षे म्हणजे फार झाली, असे मी म्हणे, ती म्हणे, “अण्णा, आठ वर्षे म्हणजे आठच पावसाळे.”

उरलेल्या महिन्यांत ती काय करी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आणलेली झाडे वर्तमानपत्राच्या घडीत घालून, फळ्यांच्या दाबयंत्रात आवळून वाळवावी लागतात. कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर पावसाळी हवेत बुरशी धरते. वाळलेले झाड जाड कागदावर चिकटवून त्याखाली ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाराचे नाव व क्रमांक लिहितात. मग जुन्या संग्रहांशी ताडून पाहावयाचे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र १९५५ पासून आहे. तेथील कपाटांतून असे कागद वर्षानुवर्षे जपून ठेवलेले आहेत. थिओडोर कूक नावाच्या साहेबाने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही टेबलावर उघडा लागतो. हा कूक पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य होता, हे ऐकून मला शिक्षक म्हणून बरे वाटले.

वसतिगृहातील तिची खोली म्हणजे निम्मी झोपण्याची जागा आणि निम्मी रद्दीची वखार. एकदा पावसाची झड लागली होती आणि कागद काही केल्या वाळेनात. तेव्हा तिने खोक्यात विजेचा दिवा लावून त्यावर झाडे वाळत ठेवली. रात्री वास सुटला आणि रेक्टरबाई पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. आत गवत वाळत घातलेले पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्याच रेक्टरबाईंनी आपल्याकडची सहा महिन्यांची रद्दी तिच्या दाराशी आणून ठेवली. माझाही या संशोधनात वाटा आहे तो रद्दीचाच. मी घरची आणि शेजारची वर्तमानपत्रे बांधून पुण्यास पोचवीत असे. एकदा त्या गठ्ठ्यात आपल्या मंडळाची एक जुनी स्मरणिका गेली. पुढे तिच्या वधूवर-सूचीच्या पानात वाळलेला गेंद सापडला, तेव्हा आमच्या घरातून उद्गार निघाला, “चला, त्या यादीत कोणीतरी जुळले!”

मे २०१७ मध्ये मी सेवानिवृत्त झालो आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर तिच्याबरोबर चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. बरोबरची मैत्रीण आजारी पडली होती आणि एकटीने रानात जाऊ नये, असे तिच्या मार्गदर्शकांनी सांगितले होते. एस.टी.त दाबयंत्र मांडीवर घेऊन बसलो, तर कंडक्टर विचारतो, “काय आजोबा, पापडाचा धंदा का?” वर गेलो आणि दुपारी धुके उतरले. चार पावलांपलीकडचे दिसेना. त्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांची घरघर चहूकडून येई, त्यामुळे दिशा कळेना. वाट सापडेपर्यंत परतीची गाडी निघून गेली. शेवटी एका वाडीत आसरा मिळाला. त्या घरच्या माउलीने पिठले-भाकरी वाढली आणि अपेक्षेप्रमाणे विचारले, “पोरीचं लगीन झालं का?” मी खाली मान घातली. कन्येने मात्र पिशवीतून गेंद काढून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, “ह्यो व्हय? ह्यो पलीकडच्या डबऱ्यापाशी लई दिस ऱ्हातो. तिथलं पाणी दसऱ्यापतुर आटत न्हाई.” दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिने दाखविलेल्या डबक्यापाशी गेलो आणि दोन वर्षे न मिळालेले पिकलेले बी तेथे मिळाले. ते कागदात घालताना माझ्या मुलीचा चेहरा मी पाहिला. पहिलीच्या वर्गातील मुलाला प्रथमच शब्द वाचता येतो, तेव्हा त्याचा चेहरा तसा होतो.

आता कबुली देतो. २०१९ साली याच मंडळाच्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या पंगतीला एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला विचारले, “मुलगी अजून शिकतेच का हो?” आजूबाजूचे चार जण हसले. आणि मी म्हणालो, “छे, छे! ती आता कॉलेजात प्राध्यापक आहे.” हे धडधडीत असत्य होते. बेचाळीस-पंचेचाळीस मुलांपुढे ‘सदा सत्य बोलावे’ हे वाक्य मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो होतो.

असत्याला पाय फुटतात. त्यानंतर २०२० साल उजाडले. पाच वर्षांची शिष्यवृत्ती त्याच वर्षी संपली. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, वसतिगृह बंद झाले, ती घरी आली, आणि तो पावसाळा सड्यावर पाऊल न ठेवता गेला. पुढच्या वर्षी ती तासिका तत्त्वावर शिकवून खर्च भागवू लागली. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास तितके पैसे; सुट्टीचे काही नाही. अशा वेळी आपल्यापैकीच एका गृहस्थांनी तिला दूरध्वनी केला: “ताई, तुम्ही कायम प्राध्यापक आहात असे अण्णांनी सांगितले होते. माझ्या मुलाच्या प्रवेशाचे पाहाल का?” तिने त्यांना माझे असत्य कळू दिले नाही. “प्रवेश माझ्या हाती नसतो,” एवढेच ती म्हणाली. रात्री मात्र माझ्याजवळ येऊन तिने विचारले, “अण्णा, मी जे करते ते लोकांना सांगण्याची तुम्हाला लाज वाटते का?” मला उत्तर देता आले नाही. रागाच्या भरात मी म्हणालो, “आता पुरे कर.” ती म्हणाली, “एक पावसाळा द्या.” मी दिला, असे म्हणणे खोटे होईल. तिने तो स्वतःच घेतला.

डिसेंबर २०२२ मध्ये तिने प्रबंध सादर केला आणि २०२३ साली मौखिक परीक्षा झाली. ही परीक्षा खुली असते, कोणासही बसता येते. मी शेवटच्या बाकावर बसलो. भाषा इंग्रजी, पुष्कळसे मला कळले नाही. परंतु एक प्रसंग कळला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका तक्त्यावर बोट ठेवून विचारले, “येथे २०२० चा रकाना कोरा का? आधीच्या वर्षांच्या सरासरीवरून तो भरता आला असता.” ती म्हणाली, “त्या वर्षी मी सडा पाहिला नाही. जे पाहिले नाही ते लिहिले नाही.” परीक्षकांनी मान डोलावली व पुढचा प्रश्न विचारला. इतरांच्या दृष्टीने ती क्षुल्लक गोष्ट होती. मी मात्र तेथे बसून विचार करीत होतो, की एक रकाना कोरा ठेवण्यास हिला जे धैर्य झाले ते मला पंगतीत झाले नाही. मुलगी अजून शिकते आहे, एवढे चार शब्द मला उच्चारता आले नाहीत.

बंधुभगिनींनो, दीर्घ विद्यार्थिदशा ही काही नवी गोष्ट नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले, तेथून १९१६ साली लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अर्धा अभ्यास टाकून परतावे लागले आणि त्यांची पुस्तके ज्या बोटीने येत होती ती महायुद्धात बुडाली. त्यांनी मुंबईत अध्यापन केले, पैसा जमविला, उसनवार केली, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. तर त्यांना विधिपूर्वक १९२७ साली मिळाली. मधल्या वर्षांत त्यांना कोणी विचारले असते की ‘अजून शिकताच का?’, तर उत्तर ‘होय’ असेच आले असते.

ज्यांच्या घरी आज असा विद्यार्थी आहे त्यांच्यासाठी थोडी उपयुक्त माहिती देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे आहेत. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि स्त्रियांना त्यावरही दोन वर्षांची सवलत आहे. नेट परीक्षेतून मिळणारी आयोगाची कनिष्ठ शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये करण्यात आली. तिची एकूण मुदत पाच वर्षे आहे. म्हणजे नियम सहा, आठ, दहा वर्षांची मुभा देतो आणि पैसा पाचव्या वर्षी थांबतो. या दोहोंतील अंतरातच मुले खचतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्यांना प्रश्न विचारून बेजार करतो.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली अशी, की आपल्या गुणगौरव समारंभात पदवी मिळालेल्यांबरोबर संशोधन चालू असलेल्यांनाही व्यासपीठावर बोलवावे आणि त्यांचा विषय सभेस सांगावा. दुसरी अशी, की शिक्षणनिधीतील काही रक्कम शिष्यवृत्ती संपलेल्या संशोधकांच्या प्रबंधाच्या टंकलेखन-छपाईसाठी राखून ठेवावी. त्या निधीस प्रारंभ म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम मी आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे.

आणि आपणा सर्वांस एक विनंती. अशा मुलास वा मुलीस भेटाल तेव्हा ‘कधी संपणार?’ असे विचारू नका. ‘यंदा काय सापडले?’ असे विचारा. माझ्या कन्येला आठ पावसाळ्यांत जे सापडले, त्यात एका सड्यावर पूर्वी न नोंदलेला एक गेंद आहे. त्याची नोंद एका कागदावर एका ओळीत आहे; त्याखाली ठिकाण, तारीख आणि तिचे नाव आहे. ती ओळ खरी आहे, हे मी जाणतो, कारण त्या दिवशी दाबयंत्र माझ्या खांद्यावर होते.

२०१९ साली पंगतीत ज्यांनी मला प्रश्न केला ते वडीलधारे गृहस्थ आज सभेत उपस्थित आहेत. त्यांना मी आज योग्य उत्तर देतो: होय, त्या वेळी माझी मुलगी शिकत होती. मी आपणाशी खोटे बोललो, याची क्षमा असावी.