तंजावरचा राजवाडा आणि बदलते हवामान

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर ग्रॅनाइटचे आहे. नायकांनी उभारलेला व भोसल्यांनी वाढविलेला राजवाडा मात्र वीट-चुन्याचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने या जिल्ह्याला तडाखा दिला. पाऊस एकच असला, तरी दोन्ही वास्तूंची जोखीम सारखी नसते. म्हणून मूल्यमापनात तीन गोष्टी मोजाव्या लागतात : हवामानाचा आघात, बांधकामाची संवेदनशीलता आणि देखभालीची क्षमता. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे आहेत. भिंत पुन्हा बांधता येते; भिजलेले हस्तलिखित पुन्हा मिळत नाही. त्यासाठी ईशान्य मोसमी पावसापूर्वी छपरे व पन्हळी तपासण्याची कायम तरतूद अंदाजपत्रकात असावी. जीर्णोद्धारापेक्षा ती निश्चितच स्वस्त पडेल.