निळा स्क्रू आणि आपली मजुरी

पापड-लोणची, शिवणकाम हे तर आपल्या गटांच्या हातातलंच काम. आज आम्ही जरा वेगळ्या कामाबद्दल बोलणार आहोत. तालुक्याच्या घड्याळजींकडून आमच्या गटाने हे काम घेतलं आहे: चावीच्या जुन्या घड्याळांतले बारीक पोलादी स्क्रू तापवून निळे करायचे.

हा निळा बाहेरून लावलेला नसतो. पोलाद तापलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर अगदी पातळ थर धरतो. थर वाढेल तसा रंग पालटतो. सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या जवळ गडद निळा. त्यापुढे गेलं की निळा फिकटतो आणि राखाडी होतो. या थराने गंजही थोडा लांब राहतो.

आता स्क्रू आणायचा कुठून? शक्यतो घड्याळाचा मूळ स्क्रूच वापरायचा. जुन्या घड्याळाचे आटे आजच्या मापाशी जुळतीलच असं नाही. दुसरा स्क्रू जोराने पिळला तर पितळी पत्र्यातलं भोक बाद होतं, आणि घड्याळ तर लोकांचं असतं! म्हणून मसाल्याच्या डब्यासारखे कप्पे करून कुठला स्क्रू कुठला ते लिहून ठेवा. एखादा हरवलेलाच असेल, तर भंगारातल्या तशाच घड्याळाचा शोधा. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात जुनी घड्याळं येतात. नवा घ्यायचा तर साध्या पोलादाचा, मुलामा नसलेला घ्या. स्टेनलेसवर एवढ्या उष्णतेत असा निळा येत नाही. जस्ताचा मुलामा असलेला तर आचेवर धरूच नका, फार तापला तर त्याचा धूर बाधतो. शंका असेल तर एक स्क्रू ओल्या कागदात रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी तांबूस डाग दिसला तर साधं पोलाद समजा.

आधी डोकं बारीक पॉलिश पेपरवर घासून आरशासारखं करायचं. मग स्पिरिटने पुसायचं. त्यानंतर बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं. बोटाचं तेल लागलं तर तिथे डाग उमटतो. छोट्या पितळी वाटीत लेथवरचा पितळेचा चुरा घ्या, म्हणजे आच सगळीकडे सारखी लागते. वाटी कल्हईची नको, कारण कल्हईचं कथील २३२ अंशांनाच वितळतं. स्क्रू चुऱ्यात उभा रोवा, डोकं वर ठेवा आणि वाटी मंद आचेवर धरा. जांभळा दिसला की पाकाची तार बघताना असते तशी नजर ठेवा. निळा झाला की लगेच उचलून थंड लोखंडी ठोकळ्यावर ठेवा. गार झाल्यावर तेलाचं बोट फिरवा. रंग डागाळला तर घासून काढा आणि पुन्हा तापवा. खिडकी उघडी ठेवा, स्पिरिटची बाटली आचेपासून लांब ठेवा आणि पदर खोचून घ्या.

शेवटचं, दराचं. रंग चढतो काही मिनिटांत, पण घासण्यात सकाळ जाते. गिऱ्हाईक म्हणतं, "नुसतं तापवायचं तर आहे!" तेव्हा त्याला एक घासलेला आणि एक न घासलेला स्क्रू निळा करून शेजारी ठेवून दाखवा. दर सांगताना त्या घासण्याची मजुरी धरूनच सांगा, मैत्रिणींनो.