आवडतें गाणें आणि परकी भाषा

बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. ती मिरजेची आहे. परिचारिकेचें शिक्षण पुरें करून दोन वर्षें तिनें रुग्णालयांत रात्रपाळ्या केल्या आहेत, आणि आतां नोकरीसाठीं इंग्लंडांत जावें असा तिचा मानस आहे. त्यासाठीं इंग्रजीची जी परीक्षा तिनें निवडली आहे, तिचें नांव आयईएलटीएस. क्लासांत सरावाची तोंडी परीक्षा चालूं आहे. समोरच्या बाई विचारतात, तुला कोणत्या प्रकारचें संगीत आवडतें? मुलगी क्षणाचाही विलंब न लावितां सांगते कीं, आपल्याला पॉप संगीत आवडतें, कारण तें अत्यंत मधुर व मनास विश्रांति देणारें असतें. वाक्य निर्दोष आहे. बाई पुढें विचारतात, कोणाचें? आणि मुलगी गप्प बसते.

पॉप संगीत तिनें क्वचितच ऐकलें आहे. तिचें घर सतारमेकरांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर. मिरज हें तंतुवाद्यांसाठीं देशभर नांवाजलेलें गांव. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें वास्तव्य याच गांवीं होतें. १९३७ सालीं ते निवर्तल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांस चिरविश्रांति मिळाली, आणि दरवर्षीं उरुसाच्या वेळीं दूरदूरचे गवई तेथें हजेरी लावून जातात. ही मुलगी लहानपणीं शाळेंतून परततांना दुकानाच्या पायरीवर बसून राही, आणि आंत कारागीर तंबोऱ्यास जवारी लावीत असत तें कान देऊन ऐके. इतकें सर्व पदरीं असतां परीक्षकासमोर मात्र तिनें उसनी आवड पुढें केली. असें कां व्हावें?

या परीक्षेची घडण प्रथम पाहिली पाहिजे. इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकणारांसाठीं केंब्रिज विद्यापीठानें १९१३ सालीं परीक्षा सुरू केली, तेव्हां तिला अवघे तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. त्याही परीक्षेंत संभाषण होतें. पण भाषांतर, निबंध व ध्वनिशास्त्र यांचा भार मोठा होता. आजची परीक्षा १९८९ सालापासून या नांवानें चालत आली आहे, आणि तिच्यांत बोलण्यास स्वतंत्र स्थान आहे. एक परीक्षक, एक उमेदवार, आणि वेळ ११ ते १४ मिनिटें. आरंभीं घर, काम, छंद अशा घरगुती गोष्टींविषयीं चारपांच मिनिटें प्रश्न. मग एक कार्ड हातीं देतात. त्यावरील विषयाचा विचार करण्यास १ मिनिट, टिपण करण्यास कागद व पेन्सिल, आणि नंतर एकट्यानें १ ते २ मिनिटें बोलावयाचें. शेवटीं त्याच विषयाच्या अनुषंगानें व्यापक चर्चा: जुनें संगीत टिकावें काय, तरुणांची अभिरुचि वडिलांहून भिन्न कां असते, इत्यादि. गुण शून्यापासून नऊपर्यंत, व ते चार अंगांनीं पाहिले जातात: ओघ व सुसंगति, शब्दसंपत्ति, व्याकरण आणि उच्चार. चारही अंगांचें वजन सारखें. इंग्लंडांत परिचारिका म्हणून नोंदणी हवी, तर बोलण्यांत सर्वसाधारणपणें ७ गुण लागतात.

या चार अंगांत उमेदवाराची आवड उच्च कीं सामान्य, देशी कीं विलायती, यास एकही गुण ठेवलेला नाहीं. परीक्षक संगीताचा पारखी नसतो व त्यानें तसें असावें अशी अपेक्षाही नाहीं. तरीसुद्धां आपलीं मुलें समजतात कीं, इंग्रजींत विचारलेल्या प्रश्नास इंग्रजी गाण्याचेंच उत्तर शोभतें. कांहीं अंशीं हा दोष तयार उत्तरें पुरविणाऱ्यांचा आहे. परंतु सर्व खापर त्यांच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. सुशिक्षित घरांतून आवडीसही प्रतिष्ठेच्या पायऱ्या असतात. पाहुण्यांसमोर शास्त्रीय संगीताचें नांव घ्यावयाचें आणि दार लावून सिनेमाचें गाणें ऐकावयाचें. लावणी आवडत असली तरी तें बोलून दाखवावयाचें नाहीं. शाळेंतही आवडत्या गायकावरचा निबंध एकाच साच्यांतून काढण्याची चाल जुनी आहे. ज्या मुलास स्वभाषेंत आपली खरी आवड मोकळेपणानें सांगण्याचा प्रसंग कधीं आला नाहीं, त्यानें ती परक्या भाषेंत, परक्या माणसापुढें एकदम सांगावी कशी?

खोटी आवड सांगणें या परीक्षेंत निषिद्ध नाहीं. कोणी पुरावा मागत नाहीं. पण परक्या भाषेंत खोटें बोलणें हें दुहेरी ओझें आहे. एकीकडे शब्द शोधावयाचे, आणि दुसरीकडे न ऐकलेल्या गाण्याची कथा रचावयाची. यांत पहिला बळी पडतो तो ओघाचा. शिवाय पाठ केलेलें उत्तर कानास लगेच कळतें, आणि तिसऱ्या भागांतील अनपेक्षित प्रश्नापुढें तें टिकत नाहीं. ज्यास संगीताची मुळींच गोडी नाहीं त्यानें तसें स्पष्ट सांगावें व कां नाहीं तें सांगावें. तेंही उत्तम उत्तर होऊं शकतें.

आतां भाषेची अडचण. ती खरी आहे, आणि गंमतीचीही. मराठींत गाणें ‘मला’ आवडतें. वाक्यांत कर्ता गाणें असतें व माणूस चतुर्थींत एका बाजूस उभा असतो, जणू आवड त्याच्याकडे चालून आली. इंग्रजींत तोच माणूस कर्ता होऊन पुढें येतो: आय लाइक. ‘मला हल्लीं अमुक आवडत आहे’ याचें शब्दशः रूप करून आपलीं मुलें ‘आय ॲम लाइकिंग’ म्हणतात, तें तेथें बहुधा खटकतें. आपलें ‘ऐकणें’ हें एकच क्रियापद; इंग्रजींत कानीं सहज पडणें तें ‘हिअर’ आणि मन लावून ऐकणें तें ‘लिसन’, व त्यामागून ‘टू’ हवाच. आपण गाणें ‘म्हणतों’. त्याचें भाषांतर ‘से’ किंवा ‘टेल’ करून चालत नाहीं. आणि सर्वांत फसवा शब्द म्हणजे स्वतः ‘गाणें’. अमक्याचें गाणें ऐकलें, असें आपण म्हणतों तेव्हां त्यांत सबंध मैफल येते. ‘साँग’ म्हटलें कीं परकी ऐकणारा तीनचार मिनिटांची शब्दबद्ध चीज समजतो. ख्यालगायक दोन ओळींवर अर्धा तास रमतो हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. उच्चारांत एक बारीक गोष्ट: ‘म्यूझिक’ या शब्दांत आघात पहिल्या अवयवावर, तर ‘म्युझिशियन’मध्यें तो दुसऱ्यावर सरकतो. आपली बोलण्याची धाटणी मराठी राहिली म्हणून गुण जात नाहींत; बोलणें समजलें पाहिजे.

पण या अडचणींवर भारी शब्दांचा उतारा नाहीं. ‘मेलोडियस’, ‘सूदिंग’ असले शब्द कोणत्याही गाण्यास चिकटवितां येतात, म्हणून ते कोणत्याच गाण्याविषयीं कांहीं सांगत नाहींत.

मिरजेच्या त्या मुलीकडे पुन्हां वळूं. ती गप्प बसलेली पाहून बाई सराव थांबवितात व मराठींत विचारतात, “अग, मग तुला आवडतें तरी काय?”

“बाई, मला तंबोरा आवडतो.”

“तंबोरा? कोणाच्या गाण्याबरोबरचा?”

“गाण्याबरोबरचा नाहीं. नुसता तंबोरा. गाणें सुरू व्हायच्या आधीं वाजतो ना, तो.”

मग ती सांगूं लागते. दुकानांत कारागीर घोडीवर वाकून बसत. तार आणि घोडी यांच्यामध्यें सुताचा एक दोरा असतो. तो नखाच्या टोकानें तिळातिळानें पुढेंमागें सरकवीत. आधीं तार नुसतीच टणत्कार करी. दोरा नेमक्या जागीं आला कीं तिच्यांतून भुंग्यासारखा भरदार नाद निघे. जरा पुढें गेला कीं तो नाद नाहींसा होई. रुग्णालयांतून रात्रपाळी आटोपून आल्यावर ती भ्रमणध्वनीवर तंबोरा लावून निजते, हें सांगतांना ती थोडी लाजते.

बाई चतुर. त्या म्हणतात, हेंच इंग्रजींत सांग. मुलगी प्रथम घाबरते, कारण जवारीस इंग्रजी शब्द कोणता तें तिला माहीत नाहीं. वस्तुतः त्याची आवश्यकताही नाहीं. ‘थ्रेड’, ‘स्ट्रिंग’, ‘अंडर’, ‘स्लोली’ हे शब्द तिला शाळेपासून येतात. ‘जवारी’ हा शब्द तसाच ठेवून तिनें दोन वाक्यांत ती समजावून दिली, तर परीक्षकाच्या दृष्टीनें ती शब्दसंपत्तीच होय; शब्द नसतां अर्थ पोंचविणें हीही एक योग्यता तेथें धरली जाते. व्याकरणाचीही तीच कथा. ‘कारागीर बसत असत’ या मराठी रीतिभूतकाळास इंग्रजींत ‘यूज्ड टू’ हें अगदीं जवळचें रूप आहे. दोरा पुढें गेला तर नाद जातो, येथें संकेतार्थी वाक्य आपोआप येतें. पूर्वीं टणत्कार व नंतर भरदार नाद, येथें तुलना येते. रूपांच्या याद्या करून जें तिला महिनाभर साधलें नव्हतें, तें त्या दुकानाच्या पायरीवर केव्हांपासूनच तयार होतें.

आठवडाभरानें पुन्हां सराव झाला. बाईंनीं यावेळीं मुद्दामच संगीतावरचें कार्ड काढलें. मिळालेल्या एका मिनिटांत मुलीनें कागदावर वाक्यें लिहिलीं नाहींत; चारच शब्द लिहिले: पायरी, दोरा, भुंगा, रात्रपाळी. तेही मराठींत. मग ती बोलूं लागली. दोन ठिकाणीं अडखळली, एका ठिकाणीं ‘लिसन’पुढचा ‘टू’ विसरली व स्वतःच मागें येऊन तो जोडला. दोन मिनिटें पुरीं झालीं तेव्हां नियमाप्रमाणें बाईंस तिला थांबवावें लागलें; दोरा अजून जागीं यावयाचा होता.

थांबवून झाल्यावर बाईंनीं घड्याळ बाजूस ठेवलें आणि मराठींत विचारलें, “त्या दुकानांत बाहेरच्या माणसाला बसूं देतात का?”