मूलपेशी उपचार : आशा आणि विवेक

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या वैद्यकांनी केलेले भाषण)



पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णाचे कुटुंबीय जाहिरातीचे कात्रण पुढे ठेवून विचारतात, "डॉक्टर, दागिने मोडतो, पण स्टेम सेल करून घेऊ का?" येथे बोळिंजमध्ये या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. त्यांपासून शरीरातील इतर पेशी घडतात. अस्थिमज्जेतील मूलपेशी आयुष्यभर रक्त घडवितात. १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्ताच्या काही विकारांवर तो आज सिद्ध उपचार आहे.

मेंदू व हृदय यांची गोष्ट निराळी. तेथील मृत पेशींची जागा नव्या पेशी पुरेशा प्रमाणात भरून काढीत नाहीत. म्हणूनच पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासह देशातील पाच केंद्रांत पक्षाघाताच्या १२० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्या रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेवाटे देण्यात आल्या. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : उपचार सुरक्षित, परंतु लाभ दिसला नाही. हृदयाच्या बाबतीत तर ज्या संशोधनावर मोठी आशा उभी होती, त्या पिएरो अन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये केली.

संशोधन थांबलेले नाही, थांबूही नये. मात्र २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघात व हृदयविकारासाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि त्या प्रयोगासाठी रुग्णाकडून शुल्क घेता येत नाही. म्हणून कोणी लाखो रुपये मागितले, तर तो उपचार नव्हे, हे ओळखावे.

मग हाती काय आहे? तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर वेळ पाहून ठेवा आणि तत्काळ सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. छातीत कळ आली तरीही विलंब नको. त्यानंतर हात-पाय पुन्हा चालते करण्याचे काम नियमित व्यायामोपचार करतात. ते संथ आहे, पण खरे आहे.

देणगीदारांना विनंती, या संथ कामामागे उभे राहा. कुटुंबीयांना विनंती, दागिने मोडण्यापूर्वी एकदा आम्हांला विचारा.