एक रिमोट, अनेक यंत्रें

छत्रपती संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावरील चितेगांव येथें व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी-संच बनत असत. २०१८ सालीं त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. परंतु कारखान्याचें दैव फिरलें म्हणून घरांतला संच कांहीं बंद पडत नाहीं. आधीं निकामी होतो तो बहुधा त्याचा रिमोट. अशा वेळीं सर्वोपयोगी रिमोट कामास येतो.

रिमोटच्या टोकाचा दिवा अदृश्य अवरक्त किरणांची उघडझांप करतो, बहुधा सेकंदास सुमारें ३८,००० वेळां. त्या किरणांच्या लहानमोठ्या खंडांतून यंत्राची ओळख व आज्ञा सांकेतिक भाषेंत जाते. कंपनीगणिक ही भाषा निराळी. सर्वोपयोगी रिमोटांत अशा अनेक भाषा सांठविलेल्या असतात. सोबतच्या पत्रकांतील क्रमांक देऊन त्यांतली आपली निवडावयाची. संच चालू-बंद झाला एवढ्यावर समाधान मानूं नये. आवाजाचीं व वाहिन्यांचीं बटणेंही तपासावींत. तीं न जुळल्यास पुढचा क्रमांक घ्यावा.

कांहीं रिमोट शिकणारेही असतात. जुना समोरासमोर धरून एकेक बटण दाबलें, कीं नवा तें पाठ करितो. मात्र गुरु हयात आहे तोंच विद्या घ्यावी लागते. म्हणून जुन्याचीं एक-दोन बटणें हट्ट करूं लागतांच हें काम उरकावें. तो मुका झाल्यावर शिकविणार कोण?